पॅकेज-व्यवस्थापकास डावलण्यातील धोके : एका बोलीकोशाच्या अनुभवावरून

भाषाशास्त्राच्या संशोधनपत्रिकेत संगणकाच्या अंतर्गत व्यवस्थेविषयी लेख आलेला पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु बोलींच्या अभ्यासाची आपली सामग्री आज संगणकावर राहते, शब्दांची मोजदाद संगणक करतो आणि 'हे रूप आपल्या संग्रहात आढळत नाही' ही ग्वाहीदेखील आपण त्याच्याच तोंडून घेतो. ही ग्वाही कोणत्या परिस्थितीत खोटी ठरते, हे जाणून घेण्याचे काम सर्वस्वी तंत्रज्ञावर सोपवून मोकळे होता येत नाही. प्रस्तुत लेखकास हा धडा थोड्या महाग किमतीने मिळाला. ती हकीकत पुढे येईलच. आधी मूळ विषयाची ओळख करून घेऊ.

लिनक्सच्या कुळातील संगणकांवर कोणताही प्रोग्रॅम एकटा येत नाही. तो 'पॅकेज' या रूपाने येतो. प्रोग्रॅमच्या फायली आणि त्यांजबरोबर एक छोटे निवेदन, असे हे गाठोडे असते. या प्रोग्रॅमचे नाव काय, आवृत्ती कोणती, त्यास आणखी कोणकोणती पॅकेजे लागतात, त्यांची किमान आवृत्ती कोणती असावी, कोणत्या पॅकेजाशी त्याचे जमत नाही, इतके सर्व त्या निवेदनात लिहिलेले असते. एका पॅकेजास दुसऱ्याची जी गरज असते तिला आपण अवलंबित्व म्हणू. ही निवेदने वाचून, लागणारी सर्व पॅकेजे योग्य त्या क्रमाने आणून बसविणारा आणि त्यांची नोंदवही राखणारा प्रोग्रॅम म्हणजे पॅकेज-व्यवस्थापक. आमच्या विभागात डेबियन ही प्रणाली वापरतात. तिच्यात हे काम दोघांत वाटलेले आहे. डीपीकेजी हा पॅकेज उलगडून जागच्या जागी ठेवतो व नोंद करतो. ॲप्ट हा त्याच्या वरचा, काय काय लागेल याचा हिशेब करून ते भांडारातून आणणारा. रेड हॅटच्या परंपरेत डीपीकेजीच्या जागी आरपीएम असतो.

अवलंबित्वाची कल्पना भाषेच्या अभ्यासकास परकी वाटू नये. आपल्याकडील शाब्दबोधाच्या चर्चेत वाक्यार्थ सिद्ध होण्यास आकांक्षा, योग्यता व संनिधी यांची आवश्यकता सांगितली आहे. 'दार' एवढेच म्हटले तर 'उघड' की 'लाव' याची अपेक्षा उरते. ही आकांक्षा होय. 'अग्नीने शिंपतो' या वाक्यात आकांक्षा पुरी होते, पण अग्नीस शिंपण्याची योग्यता नसल्याने अर्थ जुळत नाही. पॅकेजाच्या निवेदनातील 'अमुक लायब्ररी हवी' हे वाक्य आकांक्षेचे, आणि 'तिची आवृत्ती २.२८ किंवा त्यापुढची हवी' हे योग्यतेचे. (लायब्ररी या शब्दाचा येथे ग्रंथालयाशी संबंध नाही, अनेक प्रोग्रॅमांस समाईक लागणाऱ्या क्रियांचा संग्रह, एवढाच अर्थ घ्यावयाचा.) परंतु हे साम्य एका ठिकाणी तुटते, आणि सर्व धोक्याचे मूळ तेथेच आहे. अपुरे वाक्य ऐकणारा माणूस अध्याहाराने ते पुरे करून घेतो. जेवायला बसलेल्या माणसाने नुसते 'मीठ' म्हटले तरी मिठाचे भांडे त्याच्यापुढे सरकते. यंत्राजवळ अध्याहार नाही. तेथे जे सांगितले नाही ते नाहीच. आणि जे चुकीचे पुरविले, ते योग्यच आहे असे मानून यंत्र पुढे चालते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. इतक्या पॅकेजांच्या परस्परांविषयीच्या अटी एकाच वेळी पाळल्या जातील अशी निवड करणे हे गणिती दृष्ट्या अत्यंत कठीण जातीचे काम आहे. सर्वसाधारण स्वरूपात ही समस्या ज्यास एनपी-पूर्ण म्हणतात त्या वर्गात मोडते, असे युरोपातील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले. व्यवहारात ॲप्ट हे काम काही क्षणांत उरकतो, म्हणून ते सोपे भासते. 'एवढ्या एका पॅकेजासाठी हा इतका का अडून बसतो?' असा आपला जो त्रागा होतो, त्याच्या मुळाशी हा भास असतो. वस्तुतः तो अडतो ते, ज्याने ते पॅकेज बांधले त्या माणसाची लेखी साक्ष त्याच्यापुढे असते म्हणून.

ही साक्ष डावलण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. डीपीकेजीस 'फोर्स-डिपेंड्स' हा पर्याय दिला की अवलंबित्वाची तक्रार ही चूक न राहता केवळ इशारा बनते व काम पुढे सरकते. आरपीएममध्ये हेच 'नोडेप्स' या सौम्य नावाने होते. कोणी भांडाराबाहेरची लायब्ररी आणून हाताने जागेवर ठेवतात; कोणी जुन्या नावाचा दुवा नव्या फायलीकडे वळवून देतात; पायथन वापरणारे 'पिप' या साधनाने व्यवस्थेच्या स्वतःच्या पायथनमध्येच नवी पॅकेजे कोंबतात. या अखेरच्या प्रकाराचा इतका उपद्रव झाला की २०२२ मध्ये पायथनच्या मंडळींनी त्याविरुद्ध संकेत ठरविला व डेबियन १२ पासून पिप तेथे साफ नकार देतो. तरीही करावयाचे असेल तर जो पर्याय द्यावा लागतो त्याचे नाव 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' असे आहे. नामकरणाच्या दृष्टीने हे उदाहरण चिंतनीय वाटते. 'नोडेप्स' म्हणताना आपण काही मोडीत आहोत असे मनात येत नाही. येथे मात्र करणाऱ्याच्याच हातून ते लिहवून घेतले आहे.

आता प्रत्यक्षात काय बिघडते ते पाहू. सर्वांत बरा बिघाड म्हणजे प्रोग्रॅम मुळीच न चालणे. उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तीत ओपनएसएसएल या लायब्ररीची तिसरी पिढी आली आणि १.१ ही आवृत्ती भांडारातून गेली. जुन्या लायब्ररीवर बेतलेले कित्येक प्रोग्रॅम त्यामुळे अडले. पुष्कळांनी युक्ती केली ती अशी की, जुन्या लायब्ररीच्या नावाचा दुवा करून तो नव्या फायलीकडे वळविला. नाव जुळले, पण आतील प्रत्येक क्रियेवर आवृत्तीची जी मोहोर असते ती जुळली नाही आणि प्रोग्रॅम सुरू होतानाच थांबला. मराठीतील 'शिक्षा' आणि हिंदीतील 'शिक्षा' यांचे रूप एक आहे, म्हणून हिंदी वाक्यातील 'शिक्षा' मराठीत जशीच्या तशी उचलली तर विद्यालयाचे तुरुंगालय होते. लायब्ररींच्या जगात अशी फसगत टाळण्यासाठी आवृत्तीची मोहोर असते, ही शब्दांना नसलेली सोय म्हटली पाहिजे. दुसऱ्या काहींनी जुने पॅकेजच मागील आवृत्तीतून आणून बसविले. त्याने प्रोग्रॅम चालला. परंतु ओपनएसएसएलच्या कर्त्यांनी १.१.१ या आवृत्तीचा सार्वजनिक सांभाळ सप्टेंबर २०२३ मध्ये थांबविला. त्यानंतर तिच्यात सापडणारी छिद्रे त्या संगणकात तशीच उघडी राहणार, आणि उबुंटू २२.०४ च्या भांडारात ते पॅकेजच नसल्याने व्यवस्थापक तिची दुरुस्ती आणणार नाही.

प्रोग्रॅम थांबला तर निदान कळते. न थांबता चुकीचे उत्तर देणारा बिघाड अधिक वाईट, आणि आमच्या वाट्यास तोच आला.

आमच्या विभागात बोलींच्या पाहणीतून जमलेल्या शब्दांचा व रूपांचा एक कोश पोस्टग्रेस या माहितीसंग्रहात ठेवलेला होता. भाषाशास्त्रातील रूढीप्रमाणे प्रत्यय लिहिताना त्यांच्या आधी संयोगचिन्ह देतात. त्यामुळे '-ला', '-स', '-नं', '-ले' अशा नोंदी त्यात होत्या. संगणकावर डेबियन ९ होते. २०१९ च्या पावसाळ्यात ध्वनिमुद्रणांचे पृथक्करण करणारा एक नवा प्रोग्रॅम आम्हांस हवा झाला. तो बसविताना व्यवस्थापकाने सांगितले की यास ग्लिबसी या मूळ लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती लागते आणि येथे २.२४ आहे. संपूर्ण प्रणाली डेबियन १० वर नेणे हा सरळ मार्ग होता, पण त्यास दोन दिवस लागले असते आणि आम्हांस घाई होती. म्हणून डेबियन १० मधील ग्लिबसीची पॅकेजे व त्यांच्या सोबतीची, भाषाविषयक संकेत असलेली 'लोकेल्स' पॅकेजे उतरवून घेतली आणि बळजोरीने बसविली. हे करण्यास संमती प्रस्तुत लेखकाचीच होती. प्रोग्रॅम चालू झाला. इतर सर्व कामेही पूर्ववत चालली. या यशाचे आम्हांस थोडे कौतुकही वाटले.

ग्लिबसी हे सर्व प्रोग्रॅमांच्या तळाशी असते. दोन शब्दांपैकी वर्णानुक्रमात आधी कोणता, हा निवाडाही तिच्याच संकेतांवरून होतो. २०१८ साली निघालेल्या २.२८ या आवृत्तीत हे संकेत नव्या आंतरराष्ट्रीय प्रमाणास अनुसरून बदलण्यात आले. पूर्वी तुलना करताना संयोगचिन्हाकडे प्रथम दुर्लक्ष केले जाई, म्हणजे '-ले' ही नोंद 'ले'च्या शेजारी लागे. नव्या संकेतात संयोगचिन्हास स्वतःचे स्थान मिळाले व ते अक्षरांच्या आधी आले. कोशकाराच्या दृष्टीने दोन्ही पद्धती समर्थनीय आहेत. परंतु आमच्या माहितीसंग्रहाची सूची जुन्या क्रमाने रचलेली होती आणि तीत शोध घेणारा आता नवा क्रम गृहीत धरीत होता. ग्रंथालयातील कार्डे एका पद्धतीने लावलेली असावीत आणि ग्रंथपाल दुसरीच पद्धत मनात धरून खण उघडीत असावा, तसे हे झाले. जेथे कार्ड असावयास हवे तेथे ते नाही असे पाहून तो 'पुस्तक नाही' असे सांगतो; खोटे बोलण्याचा त्याचा हेतू नसतो.

सहासात महिने कोणाच्याच काही लक्षात आले नाही. साधे शब्द बहुतेक बरोबर सापडत. मग चतुर्थीच्या प्रत्ययांवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या प्रकरणात '-ले' या प्रत्ययाची नोंद संग्रहात नसल्याचे लिहिले आणि त्यावरून पाहणीच्या व्याप्तीविषयी एक टीकात्मक परिच्छेदही रचला. ती स्वतः अमरावतीकडील. तिच्या घरी 'मले', 'तुले' असेच बोलतात. तरीही तिने संगणकाचे उत्तर प्रमाण मानले, आणि मार्गदर्शक या नात्याने प्रस्तुत लेखकाने त्या परिच्छेदाखाली 'चांगले निरीक्षण' असा शेरा मारला. संशय आला तो केवळ योगायोगाने. दुसऱ्या एका कामासाठी सर्व नोंदींची सलग यादी पडद्यावर घेतली, तेव्हा सूचीचा आधार न घेता सर्व नोंदी ओळीने वाचल्या गेल्या आणि '-ले' तीत होता. विचारले तर नाही. यादीत मात्र आहे. इतकेच नव्हे, तो दोनदा होता. मधल्या काळात कोणी सहकाऱ्याने नोंद नाही असे पाहून ती नव्याने घातली होती, आणि एकच रूप दोनदा येऊ न देण्याचा जो निर्बंध आम्ही घातला होता तोही त्याच बिघडलेल्या सूचीवर विसंबून असल्यामुळे गप्प बसला होता.

येथे न्यायाची बाब म्हणून हे सांगितले पाहिजे की, सरळ मार्गाने डेबियन १० वर गेलो असतो तरी वर्णानुक्रम बदललाच असता. पॅकेज-व्यवस्थापक सूची दुरुस्त करून देत नाही. मग डावलण्याने बिघडले काय? प्रणालीचे स्थलांतर ही एक जाहीर घटना असते. तिची पूर्वसूचना वाचली जाते, माहितीसंग्रहाची प्रत काढली जाते, आणि ग्लिबसीच्या या बदलानंतर सूची पुन्हा रचाव्यात हा इशारा पोस्टग्रेसच्या मंडळींनी प्रसिद्ध केलेलाच होता. आम्ही मात्र 'एक प्रोग्रॅम बसविला' एवढीच घटना समजत होतो. तळाची लायब्ररी बदलली आहे हे आमच्या नोंदीत नव्हते, म्हणून कोणता इशारा वाचावयाचा हेही आम्हांस ठाऊक नव्हते. (पोस्टग्रेसच्या २०२२ मधील पंधराव्या आवृत्तीपासून वर्णानुक्रमाच्या संकेतांची आवृत्ती संग्रहाबरोबर नोंदली जाते व ती बदलल्यास सूचना मिळते. आमच्यासाठी ती उशिरा आली.)

दुसरा परिणामही तपासाच्या वेळीच उघड झाला. बळजोरीने बसविलेली ग्लिबसी २.२८ ची, परंतु तिच्यावर प्रोग्रॅम बांधण्यासाठी लागणारे जोडपॅकेज २.२४ चे, आणि त्याची अट अशी की ग्लिबसी नेमक्या त्याच आवृत्तीची हवी. ही अट मोडल्याची नोंद डीपीकेजीच्या वहीत राहिली. वहीत असा एक जरी विसंवाद असला तरी ॲप्ट पुढील कोणतेही पॅकेज बसविण्यास वा अद्ययावत करण्यास नकार देतो. रात्री आपोआप येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यामुळे त्या दिवसापासून बंद पडल्या होत्या. नकाराची सूचना रोज एका फायलीत लिहिली जात होती; ती फाइल कोणी उघडीत नसे. ॲप्ट यावर स्वतः एक उपाय सुचवितो, 'फिक्स-ब्रोकन' नावाचा. त्याचा अर्थ बसविलेले नीट करणे असा वाटतो. पण भांडारात जुळणारी आवृत्ती नसेल तर नीट करण्याचा त्याच्यापुढील मार्ग म्हणजे अडचणीची पॅकेजे काढून टाकणे हा होय. आपण होऊन तो मागील आवृत्तीवर परत जात नाही. आमच्यापुढे त्याने काढावयाच्या पॅकेजांची जी यादी ठेवली ती वाचून आम्ही हात आवरला.

सर्वांनीच तो आवरला असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबास्टियन या प्रसिद्ध चित्रफीतकाराने पॉप ओएस या प्रणालीवर स्टीम हा खेळांचा प्रोग्रॅम बसविण्याचा प्रयत्न केला, तो प्रसंग पुष्कळांनी पाहिला असेल. त्या वेळी भांडारातील आवृत्त्यांत विसंगती होती, आणि ती सोडविण्यासाठी ॲप्टने प्रणालीची अत्यावश्यक पॅकेजे काढण्याचा घाट घातला. तसे त्याने स्पष्ट बजावले, आणि पुढे जावयाचे असल्यास 'होय, मी सांगतो तसे कर' या अर्थाचे एक संपूर्ण इंग्रजी वाक्य अक्षरशः टंकलिखित करावे असे सांगितले. ते वाक्य टंकले गेले आणि संगणकाचा पडदाच नाहीसा झाला. मूळ दोष तेथे पॅकेजे बांधणाऱ्यांचा होता हे खरे. इशाऱ्याने मात्र आपले काम चोख केले होते. ॲप्टच्या कर्त्यांनी त्यानंतर लवकरच ते वाक्य विचारणे बंद केले. आता तेथे सरळ नकार मिळतो आणि तो उलथविण्यास वेगळा पर्याय आधीच द्यावा लागतो. उच्चार हीच कृती ठरावी असे वाक्य माणसाकडून वदवून घेतले तरी त्याच्या मनात तो संकल्प उत्पन्न होतोच असे नाही, हे वाक्-क्रियांच्या अभ्यासकांनी टिपून ठेवण्याजोगे आहे.

मग नवा प्रोग्रॅम हवाच असेल तर काय करावे? उतरवून घेतलेले पॅकेज डीपीकेजीकडे न देता ॲप्टकडेच, फायलीचा पत्ता लिहून, द्यावे. म्हणजे त्यास लागणारी इतर पॅकेजे तो स्वतः आणतो, आणि आणता येत नसतील तर काही न मोडता थांबतो. डेबियनच्या 'बॅकपोर्ट्स' या भांडारात नवी पॅकेजे जुन्या प्रणालीवर बांधून ठेवलेली असतात. आधी तेथे पाहावे. पायथनच्या पॅकेजांसाठी प्रत्येक प्रकल्पाचे स्वतंत्र आवार करण्याची सोय आहे आणि तीस काही मिनिटेही लागत नाहीत. ज्या प्रोग्रॅमास तळाची लायब्ररीच वेगळी हवी, त्यास कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लायब्ररींसह वेगळ्या खोलीत ठेवावे. आमचा पृथक्करणाचा प्रोग्रॅम आता तसाच ठेवलेला आहे.

बळजोरी कधीच करू नये असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह नाही. अर्धवट बसलेले पॅकेज काढता येत नाही व घालताही येत नाही, अशा कोंडीत जाणत्या माणसास ती करावी लागते. डीपीकेजीच्या कर्त्यांनी ते पर्याय त्यासाठीच ठेवले आहेत आणि त्यांतील धोकादायक पर्यायांपुढे उद्गारचिन्ह छापून ठेवले आहे. पण ती केल्याची नोंद व्हावी, तारखेसह व्हावी, आणि विसंवाद दूर होईपर्यंत त्या संगणकाने दिलेले नकारार्थी उत्तर पुरावा म्हणून स्वीकारू नये. होकारार्थी उत्तर निदान समोरची नोंद दाखवून तपासता येते. 'आढळत नाही' यामागे दाखविण्यासारखे काहीच नसते.

आम्ही अखेर संग्रहाची प्रत काढून संगणकावर डेबियन १० नव्याने बसविले व त्यात ती प्रत उतरविली. तसे करताना सूची नव्या क्रमाने आपोआप रचल्या गेल्या, आणि दुबार नोंदींपाशी काम अडून अडून त्या एकेक उघड झाल्या. प्रत्येक दुबार नोंदीतील कोणती ठेवावी हे ठरविण्यास मूळ पाहणीच्या वह्या काढाव्या लागल्या. विद्यार्थिनीने आपले प्रकरण पुन्हा लिहिले. त्या मधल्या महिन्यांत विभागातून बाहेर गेलेल्या टिपणांत जेथे जेथे 'संग्रहात आढळत नाही' असे म्हटले होते, ती विधाने आम्ही पुन्हा तपासली. त्यांतील दोन टिपणे दुसऱ्या विद्यापीठांतील अभ्यासकांकडे पोहोचली होती, त्यांस दुरुस्तीची पत्रे पाठविली.